गरम थर

अंटार्क्टिकाच्या समुद्रतळातला गाळ भरलेली नळी अखेर इंदूरला, आमच्या प्रयोगशाळेत पोचली. आठ लाख वर्षांचं हवामान, थरावर थर! उत्साहात मी दुपारचं जेवणही विसरले.

नळी फ्रीजमधून काढून उभी चिरली. गाळ बर्फासारखा गार होता. फक्त मधला एक थर गरम लागला. थर्मामीटरवर एकोणचाळीस!

"शंकररावजी, गजब झालं! इकडे या!"

आमच्या म्हाताऱ्या अटेंडंटनी थराला उलटा हात लावला. "मॅडमजी, याला तर ताप आहे." आणि नातवाला ठेवतात तशी मिठाच्या पाण्याची पट्टी त्यावर ठेवूनही दिली.

"अहो, सॅम्पल बिघडेल!" मी ओरडले. तेवढ्यात आकडा उतरू लागला.

अडतीस. सदतीस. मी आनंदाने लिहून घेत होते.

मग पट्टीखाली गाळाने कूस बदलली.