फाटकाकडचा कॅमेरा

उद्याचं दाखवणारे कॅमेरे कॉलनीत सगळ्यांनी मागच्या भिंतीवर लावले होते. फाटकाकडे तोंड करून एकानेही लावला नव्हता.

"बावळट लेकाचे! चोर काय फाटकातून येत नाहीत?" म्हणत दिगंबरराव शिडीवर चढले. हेमलताबाई खाली मोबाइल धरून उभ्या राहिल्या.

पडद्यावर उद्याचं फाटक उमटलं. बाहेर चपलांचा ढीग होता आणि शेजारचे दोघे तिरडी बांधत होते. या घरात दोघंच राहायची. बाईंनी शिडी घट्ट धरली.

"अहो, आधी खाली उतरा!"

तेवढ्यात पडद्यावर दिगंबरराव घरातून बाहेर आले. बाईंचा जीव भांड्यात पडला. मग त्यांच्या हातातलं विस्तवाचं मडकं दिसलं.

"अगं, दिसतंय का कुणी?" वरून त्यांनी विचारलं.

"तुम्ही दिसताय," बाई म्हणाल्या.