दोन्ही आकडे

नसरीनने चाचणी पुन्हा लावली. पडद्यावर पुन्हा तोच आकडा आला, ठरलेल्या वेगाच्या जेमतेम निम्मा.

कापूरहोळजवळच्या त्या लहानशा कारखान्याने पहिल्यांदाच स्वतःचं नेटवर्क कार्ड बनवलं होतं. ते विकत घ्यायला आलेले पुण्याचे साहेब तिच्या खुर्चीमागे उभे होते. मालक मानसिंगराव त्यांची माफी मागायला लागले.

थोडं थांबा, दोष कार्डाचा वाटत नाही, असं नसरीन म्हणाली. २००८ साल होतं, दोन कोअरचे, म्हणजे एकात दोन मेंदू असलेले प्रोसेसर नुकते कुठे रुळत होते. तिने दोन्ही कोअरवरचा भार पडद्यावर उघडला. एक गच्च भरलेला, दुसरा जवळजवळ रिकामा. कार्डातून येणारा डेटा उचलायचं काम आणि चाचणीचा प्रोग्राम, दोन्ही एकाच कोअरवर पडले होते. तिने प्रोग्राम दुसऱ्या कोअरला नेमून दिला. आकडा चढत गेला आणि ठरलेल्या वेगाला टेकला.

मानसिंगरावांचा जीव भांड्यात पडला. अहवालात हाच आकडा घाल, पहिला काढून टाक, असं त्यांनी तिला हळूच सांगितलं.

नसरीनची नोकरी नवी होती.

"नाही सर," ती म्हणाली, "दोन्ही घालते."

"पण खरा कुठला?" साहेबांनी विचारलं.

"दोन्ही खरे. तुमच्याकडे सगळं एकाच कोअरवर पडलं, तर पहिलाच मिळेल. कुठलं काम कुठल्या कोअरवर होतं, ते सांगितल्याशिवाय नुसत्या वेगाला अर्थ नाही."

साहेबांनी अहवाल सावकाश वाचला. कार्डं घेतो म्हणाले, पण बसवून द्यायला हीच मुलगी हवी.

साहेबांना पुण्याला सोडायला निघालेली कारखान्याची जीप इब्राहीम चालवत होते. साहेबांनी सहज विचारलं, ती चाचणी घेणारी मुलगी कुठली.

"भोरची," इब्राहीम म्हणाले. "माजीच लेक हाय ती."

साहेब सीटवर पुढे सरकले. मग म्हणाले, "माझ्याकडे येणारा प्रत्येक जण मोठाच आकडा दाखवतो. लहान आकडा दाखवणारी तुमची मुलगी पहिलीच."

इब्राहीमना शब्द न् शब्द ऐकू आला होता. त्यांनी जीपचा वेग कमी केला.

"इंजिनाचा आवाज लई हाय, साहेब. काय म्हनलात, परत येकदा सांगता का?"