पांढरीच पाहिजे

लक्ष्मणराव गाडीच्या पुढच्या बंपरसमोर उकिडवे बसले होते. इंजिन पाहायच्या आधी ते नेहमी हेच करायचे.

“बाबा, उठा न जी,” मयुरी हळूच म्हणाली. “लोक पाहून राह्यले.”

“पाहू दे. तू गाडी चालवशीन तं रोजच पाहतीन.”

गाडी बंडूजींची होती. समुद्रपुरात त्यांचं किराणा दुकान, आणि दुकानामागच्या शेडमध्ये ही पांढरी मारुती.

मयुरीला समुद्रपूरच्या शाळेत नोकरी लागून वर्ष होत आलं होतं. २००२ च्या जूनमध्ये तिला कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. हिंगणघाटहून ती एसटीने यायची. एसटी चुकली की पहिला तास बुडायचा, आणि हेडमास्तर आता बोलायचे बंद झाले होते. नुसते घड्याळाकडे पाहायचे.

मोपेडचं नाव घरात काढायची सोय नव्हती. दोन वर्षांपूर्वी तिचा धाकटा भाऊ धीरज रात्री जाम गावाहून लूनावरून येताना अपघातात गेला. धडक देणारी गाडी थांबली नव्हती. तेव्हापासून लक्ष्मणरावांनी दारात दुचाकी येऊ दिली नव्हती. “चार चाकं घे,” ते आपणहून म्हणाले होते. “पण पाहीन मी.”

आणि पाहायला लागले, तर त्यांना काही पसंतच पडेना. आर्वीची पांढरी गाडी त्यांनी बंपर पाहूनच सोडली. सेलूचीही तशीच. पुलगावच्या एका डॉक्टरांची निळी मयुरीला मनापासून आवडली होती. लक्ष्मणराव तिच्या जवळसुद्धा गेले नाहीत. “पांढरीच पाहिजे. अंधारात दुरून दिसते.”

जन्मभर त्यांनी जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवली होती. ढिगावरचा कापूस ते पाहत नसत. कोपरापर्यंत हात आत घालून मूठभर बाहेर काढत. वरचा कापूस तं चोरही चांगलाच ठेवते, असं म्हणत.

“काऊन इकून राह्यले?” त्यांनी खालूनच विचारलं.

“डोये साथ नाई देत आता,” बंडूजी म्हणाले. “पोरगा पुण्याले. चालवणार कोण?”

“उभी केव्हापासून हाय?”

“झाले बरेच दिवस. मी चालू करत राह्यतो न अधूनमधून.”

लक्ष्मणरावांनी डाव्या दिव्याच्या कडेने नख फिरवलं. “इथं रंग मारला.”

बंडूजी पान थुंकायला वळले. परत येऊन म्हणाले, “बैलबंडी आडवी आलती.”

“बंडीवाल्याले लागलं काय?”

“नाई जी. त्याले काय होते.”

मयुरीने मनातल्या मनात या गाडीचाही नाद सोडला. पण लक्ष्मणरावांनी मान डोलावली. “ठीक हाय. बंड्या आडव्या येतेच.”

ते गुडघ्यावर हात देऊन उठले. खांद्यावरची कापडी पिशवी हलली आणि आत काहीतरी किणकिणलं. गाडी पाहायला निघाले की ही पिशवी बरोबर असायचीच. मयुरीने एकदा विचारलं होतं. पाना-पेचकस हाय, म्हणाले होते. तो बाहेर काढलेला तिने कधी पाहिला नव्हता.

“चक्कर मारून ये,” त्यांनी सांगितलं.

ती बसस्टँडपर्यंत जाऊन आली. गाडी कुठे अडखळली नाही, ब्रेकही जागच्या जागी लागला. परत आली तेव्हा दोघे होते तिथेच उभे होते.

“बाबा, मस्त चालते.”

“हं.” लक्ष्मणरावांनी चपलेचं टोक बंपरखाली नेलं. तिथे गंजलेल्या तारेचा एक फास लोंबत होता. “हा तार कायचा जी?”

“नजरेसाठी बूट बांधला होता नातीचा. गेला कुठीतरी पडून.”

“घेतो गाडी,” लक्ष्मणराव म्हणाले.

मयुरीने चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

“एकच गोष्ट हाय पण. पोरीची पहिली गाडी हाय, नजर नाई लागाले पाहिजे. त्या जोडीतला दुसरा बूट असन तं द्या.”

बंडूजी हसले. “जुना बूट कायले? बजारातून नवा घेजा.”

“नवा चालते काय नजरेले?”

“आता तो कुठी असन, काय मालूम.”

“हाय न,” दारातून आवाज आला. बंडूजींच्या पत्नी शकुंतलाबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या होत्या. “गुंजनचा पहिला बूट तो. फेकाले जीवच नाई झाला. पेटीत हाय.”

“अवं, राहू दे,” बंडूजी म्हणाले.

“राहू दे कायले? लेकीबाईची गाडी हाय. बरकतच होईन तिची.”

त्यांनी ट्रे मयुरीच्या हातात दिला आणि आत गेल्या. बंडूजी त्यांच्यामागे दोन पावलं गेले आणि थांबले.

“चहा घ्या जी,” ते म्हणाले. लक्ष्मणरावांनी कप उचलला नाही.

शकुंतलाबाई बूट घेऊन आल्या. लाल, तळहाताएवढा. पट्ट्यावर हिरव्या दोऱ्याने शिवलेलं घुंगरू. “मीच शिवलं. पोरगी चालाले लागली तं आवाज आला पाहिजे न, कुठी चालली ते. दोन्हीले शिवलं होतं.”

त्यांनी तो गाडीच्या बॉनेटवर ठेवला.

लक्ष्मणरावांनी खांद्यावरची पिशवी काढली. आत हात घातला, कोपरापर्यंत. मूठ बाहेर आली आणि बॉनेटवर उघडली. आणखी एक बूट. तोही लाल, पण मातीने काळपटलेला. घुंगरू होतं, दोराही हिरवाच.

शकुंतलाबाईंचा चेहरा उजळला. “अवं माय, हाच तं तो. कुठी सापडला जी तुमाले?”

लक्ष्मणराव बंडूजींकडे पाहत होते.

“जाम रोडवर,” ते म्हणाले. “माह्या धीरजच्या लूनाखाली.”