ठमाबाईची समजूत

नाल्यापलीकडून तिघी येताना दिसल्या आणि ठमाबाईनं हातातली टोपली आपटली. गेला आजचा दिवस!

मोहाची फुलं अजून झाडाखालीच पडली होती. ऊन चढायच्या आत ती वेचायची, अंगणात पसरायची, मग आंघोळ आणि मग सावलीत निवांत एक विडी, असा तिचा बेत होता. आणि ह्या बया पदर सावरत चालून येत होत्या. पुढे सरपंच वामनरावांची बायको इंदुताई, तिच्यामागे रंभा, आणि सगळ्यांत मागे रंभेची धाकटी जाऊ चंदा. चंदा गेल्या साली लग्न होऊन गावात आली होती. इथं ती आज पहिल्यांदाच येत होती.

वाघानं नाल्यावर गाय मारली तेव्हापासून गावानं हा धंदाच लावला होता. एकटी बाई रानाच्या काठाला झोपडी बांधून राहते, उद्या काही बरंवाईट झालं तर बोल गावाला. तेव्हा तिला समजावून गावात आणा, असा वामनरावांचा हुकूम. पुरुषांना ती विळा दाखवायची, म्हणून बायकांना पाठवत.

"ठमाबाई, चाल वो गावात. वाघ हाय इथी," इंदुताई अंगणात पाय ठेवता ठेवता म्हणाली.

"मले मालूम हाय. मी नाई येत."

"बरं," इंदुताई म्हणाली आणि चपला काढून बसली.

झाली समजूत! त्यानंतर दिवसभर कुणी वाघाचं नाव काढलं असेल तर शपथ. इंदुताईनं अंबाडा सोडला, झोपडीच्या कुडात खोचलेली आपली फणी काढली आणि भर अंगणात केस मोकळे टाकून विंचरत बसली. घरी तिचा सासरा दारातच खाट टाकून असे. रंभेनं न विचारता विड्या हुडकल्या आणि आडवी झाली. चंदा तर नाल्याच्या डोहात उतरली ती जेवणापुरतीच काय ती वर आली. मधूनच तिचं खदखदून हसणं ऐकू यायचं. ही पोरगी हसते, हे गावात कुणाला ठाऊकही नव्हतं.

ठमाबाईचं डोकं उठलं. फुलं तिनं कपाळाला आठ्या घालूनच वेचली. एकटीपुरता टाकलेला भात चौघींत गेला. मीठ संपलं. झाडाझुडपांवर जिथं तिथं ओली लुगडी. रंभेला आपल्या नवऱ्याबद्दल काही सांगायचं होतं. ते सांगून झालं की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. माणसांची कटकट नको म्हणून ठमाबाई गावातून उठून इथं आली होती. आता गावच तिच्या अंगणात पाय पसरून बसलं होतं.

"जा ना वो बायांनो! तुमाले घरं नाईत का?"

"हायेत ना," रंभा म्हणाली आणि कूस बदलली.

उन्हं उतरली तसे पलीकडून डबे वाजू लागले. वाघ बिचकावा म्हणून पुरुषमंडळी वनस्पती तुपाचे रिकामे डबे बडवत बायकांना न्यायला येत. तिघींचे चेहरे उतरले. चंदा मुकाट्यानं ओले केस पिळू लागली.

ठमाबाई तरातरा आत गेली. दोन लुगडी, तवा आणि विळा गाठोड्यात कोंबून बाहेर आली.

"चला. येते मी गावात."

"काय?" इंदुताईच्या हातातली फणी थांबली.

"जिकल्या तुमी. रोजची कटकट नाई सोसत मले. तिथी दार लावून तं बसता येईन!"

कुणालाच आनंद झाला नाही. रंभा धडपडून उठली. चंदानं दोन्ही हातांनी गाठोडं धरलं. "नोको ना, मावशी."

"अन् हे मोहफुलं?" इंदुताईनं विचारलं.

"अस्वल खाईन."

"तुले काही डोकं हाय का नाई?" इंदुताई एकदम भडकली. "तू गावात आली तं आमी समजवाले कुठी जावाचं?"

डबे थांबले. नाल्याच्या काठावरून वामनरावांनी हाक दिली, "मानली का वो?"

ठमाबाईनं तोंड उघडलं. इंदुताईनं झटकन त्यावर हात दाबला.

"नाई मानून राह्यली!" ती ओरडली. "लय आडमुठी बाई हाय! परवा पुन्हा या लागते!"

"रानटीच हाय ते," वामनराव म्हणाले आणि त्यांनी डबा बडवला.

तिघींनी केस बांधले, पदर डोक्यावरून ओढून घेतले आणि खाली माना घालून डब्यांच्या मागे निघाल्या.

"पुन्हा आल्या तं टांगडे तोडीन!" ठमाबाई त्यांच्या पाठीवर ओरडली, अगदी मनापासून. पलीकडे पुरुषांनी माना हलवल्या.

चडफडत ती गाठोडं घेऊन आत वळली. कुडाच्या फटीत इंदुताईची फणी परत खोचलेली होती. शेजारी रंभेची, दोन दात तुटलेली. आणि त्यांच्या खाली, अहेरीच्या बाजारातली, अजून ओली असलेली एक नवी लाल फणी.

ठमाबाईनं कपाळावर हात मारून घेतला.