कुंकवाचा डाग

शाळेतली मेरीमातेची मूर्ती दर आठवड्याला एका मुलाच्या घरी मुक्कामाला जायची. या शुक्रवारी प्रेरणानं हट्टानं ती आपल्या घरी आणली. पाहुणी देवी म्हणून तिच्या आईनं, छायानं, हौसेनं कुंकू लावलं आणि तो लाल डाग पांढऱ्या कपाळावरून साबणानंही निघेना. सोमवारी छायानं टॉवेलात गुंडाळलेली मूर्ती शाळेच्या मुख्य सिस्टरसमोर ठेवली. "चुकलं माह्यं सिस्टर, पोरीले शाळेतून काढू नका." सिस्टरनी डाग पाहिला आणि आधी खिडकी लावून घेतली. "आणताना कोणी पाहिलं?" "नाई, काऊन?" "शनिवारी फाटकावर काही लोक आले होते. मूर्ती वाटून मुलांना बाटवता का, विचारत होते." तेवढ्यात बाहेर मोटारसायकली थांबल्या. सिस्टरनी खिडकीच्या फटीतून पाहिलं. "तेच लोक." छायानं मूर्ती उचलून पदराखाली घेतली. "माह्या घरची देवी हाय म्हणीन. हे कुंकू दाखवीन त्यायले."