आजोबांशेजारची जागा

ऐक ना, मधे बोलू नकोस. आमच्या कोचाबांबात मृतांच्या सणाला भर दुपारी आत्मे घरी येतात, तर एउसेबियानं वडिलांसाठी टेबल मांडलं. त्यांच्या चेहऱ्याची पावाची बाहुली मात्र तिच्या स्वमग्न लेकीनं, उर्पीनं, छातीशी धरलेली. “ठेव तिथं. ठेव म्हणते ना.” पोरगी टेबलाखाली घुसली. एउसेबियाची मावशी तिला म्हणाली, “बये, आत्म्यांवर अशी ओरडतेस का? पाव मांडतेस, वाट बघतेस. पोरीचंही तसंच.” एउसेबियाला वडील आठवले, ते उर्पीला कधीच ‘ये’ म्हणायचे नाहीत, शेजारी जागा आहे एवढंच सांगून वाट बघायचे. मग तीही त्यांच्यासारखंच म्हणाली, “आजोबांशेजारी जागा आहे, बरं का,” आणि थांबली. बऱ्याच वेळानं उर्पी बाहुली मांडून शेजारी बसली. दुसऱ्या दुपारी आत्मे परत जातात, मग टेबल आवरून पाव वाटून टाकायचे असतात. उर्पी हलेना. दाराकडे बघत म्हणाली, “आजोबांशेजारी जागा आहे.” एउसेबियाच्या तोंडून ‘ऊठ’ निघेना. तू काय म्हणाली असतीस?