बेटावरची त्रेसष्ट मंडळी

“मतदार मात्र एकही नाही,” सौदामिनी म्हणाली आणि अहवाल मिटून तिने सरपंचांकडे पाहिलं.

सरपंच गोरख लाँचचा दोर सोडत होते. “न्हाई,” ते शांतपणे म्हणाले. “पर मंडळी हायत की. तुमी डोळ्यानं बगा, मग काय तो शेरा मारा.”

शेऱ्यासाठीच तर ती आली होती. सौदामिनी वेल्ह्याच्या पंचायत समितीत विस्तार अधिकारी. आसनवाडीचं जुनं गाव धरणात गेलं, लोक काठावर येऊन राहिले आणि जुन्या गावामागच्या टेकडीचा माथा तेवढा पाण्याबाहेर बेट होऊन उरला. त्या बेटासाठी ग्रामपंचायत वर्षानुवर्षं लाँच चालवत होती आणि मतदार यादीत तिथलं एकही नाव नव्हतं. वरच्या साहेबांना यात कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटलं. सौदामिनीचा शेरा विरोधात गेला, तर लाँच काठाला कायमची बांधलेली राहणार होती.

लाँचवर चौघंच होती. सुकाणूवर सावळाराम, गोरख, ती स्वतः आणि मांडीत ताकाची किटली धरून बसलेल्या सगुणाबाई. बाई सत्तरीच्या, कपाळावर गोंदणाचा हिरवा ठिपका.

सौदामिनीने ग्रामपंचायतीचा बेटाबद्दलचा अहवाल पुन्हा उघडला. इतर गावांनी हेवा करावा असा होता. घाटाला पायऱ्या, तिथून माथ्यापर्यंत सिमेंटची पायवाट, सौरदिवे, मे महिन्यातही न आटणारा नळ. बहुतेक कामं श्रमदानाची. ‘मंडळींची संख्या त्रेसष्ट. यंदाची वाढ चार.’ त्या ओळीवर ती थबकली. मार्गासनीच्या पुढे जाल तसं वाड्यावाड्यांत दारांना कुलपं दिसत होती. पोरं नसरापूरच्या बाजूला, नाहीतर थेट पुण्याला. आणि इथे चहूबाजूंनी पाण्याने वेढलेल्या टेकडीवर माणसं वाढत होती. तिला मनापासून कौतुक वाटलं.

‘तक्रार अर्ज निरंक.’ हे मात्र वाचूनही पटेना. बारा वर्षांच्या नोकरीत तिने बिनतक्रारीची वस्ती पाहिली नव्हती. नळ दिला की त्याला धार का नाही म्हणून अर्ज येतो, हा तिचा अनुभव.

तिने सावळारामला लाँचच्या वेळा विचारल्या.

“येळ कसली, मॅडम? रातीबी काडावी लागती. कुणाला कवा जावं लागंल, काय सांगावं.”

बेटाचं भाडं त्याच्या बापानेही कधी घेतलं नव्हतं, हे गोरख यांनीच सांगितलं. सावळाराम लाजल्यासारखा पाण्याकडे बघत राहिला.

“आणि शाळेचं काय?” एवढी एकच उणीव तिला सापडली होती.

“ल्हान दोनच हायत,” गोरख म्हणाले. “त्यास्नी झोका बांदलाय.”

दोन मुलांसाठी शाळा मंजूर होत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. पण शाळा नाही तर निदान झोका तरी, असा विचार करणारी ग्रामपंचायत तिने पहिल्यांदाच पाहिली. तिने ते वहीत टिपून ठेवलं.

सगुणाबाईंना तिने सहज विचारलं, ताक कुणासाठी. मालकांसाठी, बाई म्हणाल्या. त्यांना शिळं चालत नाही. मालक दोन वर्षांपासून बेटावर आणि बाई काठावर, पोराकडे. मामला नाजूक होता, पण सौदामिनीला राहवेना. भांडण झालंय का, असं तिने हळूच विचारलं.

सगुणाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. “चाळीस वरसं भांडलो, बाई. आता म्याच बोलती. ते निस्तं ऐकून घेत्यात.”

सौदामिनीलाही हसू आलं. भोरला घरी तिचा नवरा मंदार पेपरामागून असंच ऐकून घ्यायचा. घरोघरी मातीच्याच चुली.

“मग तुम्ही का जात नाही तिकडे राहायला?”

“जानार की. त्यांच्या शेजारीच जागा राकून ठिवलीया सरपंचांनी.” बाईंनी किटलीचं झाकण घट्ट केलं. “पर लाँच ऱ्हायली तर. न्हाईतर कशी जाऊ? मला पवता येत न्हाई.”

म्हणजे घरकुलाचंही मार्गी लागलं होतं. सौदामिनीला आपल्या साहेबांची आणि त्यांच्या संशयाची लाज वाटली. तिने तिथेच, हेलकावे खाणाऱ्या लाँचवर, शेरा लिहायला घेतला. लाँच चालू ठेवावी. या ग्रामपंचायतीचं काम इतरांनी येऊन पाहावं असं आहे. सही तेवढी बाकी ठेवली. ती मंडळींना भेटल्यावर करायची.

लाँच घाटाला लागली. पायऱ्या, पायवाट, दिवे, नळ, सगळं अहवालात होतं तसंच होतं. सौदामिनी घरं शोधत वर चढली. घर एकही नव्हतं. रांगेने झाडं होती, काही डेरेदार, काही काटेरी कुंपणातली कमरेएवढी; प्रत्येकाला पाण्याची नळी, बुंध्याशी पत्र्याची पाटी, पाटीवर नाव आणि दोन तारखा. दोन आंब्यांच्या मधे झोका टांगलेला होता. माथ्यावर उघडी शेड, तिच्यात लोखंडी सांगाडा, खाली राख. सगुणाबाई एका कोवळ्या जांभळीपाशी बसल्या. त्यांनी पदराने ‘धनाजी’ हे नाव पुसून लख्ख केलं, किटलीतलं ताक मुळाशी ओतलं आणि म्हणाल्या, “अवं, ह्या बाई लाँचचं इचारायला आल्यात. आज तरी बोला की.”